खोळंबा कशाचा?



पदवी घेऊन बांधकामावर आलेल्या तरुण इंजिनिअरला आकडेमोड येत असते. पण सगळे काम त्याच्या अंगावर पडले, म्हणजे त्याला कळते की सिमेंट-सळईपेक्षा माणसांचे शब्द सांभाळणे अवघड. "सळई बांधून झाली का?" असे मुकादमाला विचारावे, तर उत्तर येते, "झालीच, साहेब." हे 'झालीच' आज संध्याकाळपासून येत्या सोमवारपर्यंत कुठेही बसते. घरचे लग्नकार्य उरकलेल्यांना ते चांगले परिचयाचे असेल! म्हणून "खोळंबा कशाचा आहे?" असे विचारावे. मग समजते की सळई आली आहे, बांधायची तार संपली आहे.

प्रत्येक कामात एखादी गोष्ट अशी असते की तिच्यापायी बाकीच्या ताटकळतात. ती आधीच हुडकण्याची शास्त्रशुद्ध रीत अमेरिकेत १९५७-५८ च्या सुमारास निघाली. तिचे मर्म आपल्या कोकण रेल्वेने दाखवून दिले. १९९० साली महामंडळ स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सातशेहून अधिक किलोमीटरांचा मार्ग, वाटेत नव्वदाहून अधिक बोगदे. कातळ फोडून माणसे पार गेली, पण गोव्यात पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा अडून बसला. तिथे कातळ नव्हताच. पाण्याने भिजलेली मऊ माती पुनःपुन्हा ढासळे, आणि तिच्याखाली काही मजुरांचे प्राणही गेले. उत्तरेकडून गाड्या सावंतवाडीपर्यंत येऊ लागल्या, तरी अखंड मार्ग खुला व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला. काम किती टक्के झाले, या आकड्याला तिथे काय किंमत होती?

उलट, काही ठिकाणी खोळंबा हेच काम असते. साडेचार मीटरांहून रुंद गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटच्या बाबतीत चौदा दिवस काढू नयेत, असा आपल्याकडचा प्रमाणित नियम आहे. एका गावी मालकांना दसऱ्याला दुकान उघडायचे होते. फरशीवाले दारात येऊन बसलेले. दहाव्या दिवशी मालक म्हणाले, "काढा टेकू, आम्ही आहोत!" नवखा इंजिनिअर वाद घालत बसला नाही. रोजनिशी पुढे करून तो नम्रपणे म्हणाला, "एवढे यात लिहून द्यावे."

मालकांनी पेन शोधले, चष्मा शोधला. लिहिले काही नाही. टेकू चौदा दिवस भरल्यावरच निघाले.