चाकांवरचे जुने घर



ज्या व्यासपीठावर विद्वानांनी वेदान्त आणि इतिहास सांगायचा, तेथे आम्ही एक जुनी मोटारगाडी घेऊन उभे राहावे, याचा आम्हांला संकोच वाटतो. पण चालकांचा आग्रह पडला की, ‘तुम्ही इंग्लंडात जे केलेत, तेच सांगा.’ तेव्हा तेच सांगतो. आम्ही उभयतांनी तिकडे तीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर, 2016 साली, एक वापरलेले मोटारहोम विकत घेतले. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. पुढे चालकाची जागा; मागे बिछाना, शेगडी, फ्रीज आणि एवढीशी मोरी.

ही कल्पना तिकडे नवी नाही. फोक्सवॅगन कंपनीची प्रसिद्ध व्हॅन 1950 साली निघाली आणि 1951 पासून वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात बसवायची बाके-कपाटे तयार केली. पुढे फियाट कंपनीची ड्युकाटो ही मालवाहू व्हॅन 1981 साली आली आणि युरोपातील कितीतरी मोटारहोमे तिच्याच सांगाड्यावर बांधली गेली. ध्यानात घ्या, गाडी एका कारखान्याची आणि घर दुसऱ्याचे. जुना माल घेणारा फसतो तो बहुधा येथेच. तो गाडी पारखतो आणि घर पारखायचे विसरतो.

आम्हीही तेच केले. चौदा वर्षांची गाडी, अवघी तीस हजार मैल चाललेली. तिकडे तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि तिचे जुने निकाल, त्या त्या वेळच्या मैलांच्या आकड्यांसह, सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. ते आम्ही पाहिले. सगळे चोख होते. पण ती तपासणी ब्रेक, दिवे, टायर, धूर यांची. भिंतीतली ओल पाहणे हे त्या तपासनिसाचे काम नव्हे. आत गाद्यांना नवे कापड होते, बिछान्याच्या डोक्याशी भिंतीला नवा कागद होता. आमची सौभाग्यवती म्हणाली, ‘किती टापटिपीने ठेवली आहे!’ आम्ही दीड वर्षाच्या पेन्शनीएवढी रक्कम मोजली आणि किल्ली खिशात घातली.

वेल्समध्ये पहिला पाऊस लागला त्या रात्री उशाशी कुबट वास आला. आम्ही भिंतीवर अंगठा दाबला, तो कागदासकट आत गेला.

या घराची भिंत असते कशी? बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्या आणि थंडी अडवणारा फोम, आत पातळ प्लायवुड. सगळी भिस्त सांध्यांत भरलेल्या लांबीसारख्या लगद्यावर. ऊन, थंडी आणि रस्त्याचे हादरे यांनी तो लगदा कडक होतो, त्याला केसाएवढी चीर पडते आणि पाणी आत जाते. बाहेरून काही दिसत नाही. आत लाकूड कुजत असते. आपल्या कोकणात पावसाळ्यापूर्वी दरसाल शाकारणी करतात, कौले परततात. गळेपर्यंत कोणी थांबत नाही. हीच रीत या घराला लागू आहे. ओल मोजण्याचे यंत्र मिळते. आकडा शेकडा 15 च्या आत असला तर चिंता नको. 20 च्या वर गेला तर तेथे उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खिडक्यांचे कोपरे, छपरावरची झरोकादारे, मागचे दिवे, कपाटांच्या आतली बाजू, सर्वत्र यंत्र लावावे. आणि जेथे एकाच जागी नवा कागद दिसेल तेथे दोनदा लावावे.

आता जे सांगतो ते सांगणे सोपे नाही. एका जाणत्या परिचिताने सल्ला दिला, ‘वाळू द्या, वर नवे प्लायवुड मारा आणि उन्हाळ्यात विकून टाका. उन्हाळ्यात यंत्रसुद्धा फारसे बोलत नाही.’ श्रोतेहो, आम्ही दोन दिवस त्या सल्ल्याचा विचार केला. पैसा घामाचा होता. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवती म्हणाली, ‘तीन आठवडे त्या माणसाला शिव्या देता आहात. आता त्याच्याच जागेवर जाऊन बसायचे का?’ यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग आम्ही भिंत उघडली. छपराच्या कोपऱ्यावरच्या एका लहानशा दिव्याच्या बुडाशी पाणी शिरत होते. कुजलेले लाकूड काढले, कित्येक आठवडे वाळू दिले, नव्या पट्ट्या घातल्या, सांधे खरवडून नव्याने भरले. तो सारा उन्हाळा प्रवासावाचून गेला. पण प्रत्येक पायरीचे छायाचित्र काढून आम्ही एका वहीत चिकटवले आणि खाली तारीख घातली.

यानंतरच सुधारणेचा विचार केला आणि क्रम हाच असावा. टायर घ्या. नक्षी खोल होती; पण कडेवर शेवटचे चार आकडे 0808 होते, म्हणजे 2008 सालच्या आठव्या आठवड्यातील माल. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. ते आधी बदलले. गॅस हवेपेक्षा जड. तो गळला तर खाली उतरून बाहेर जावा म्हणून जमिनीला भोके ठेवलेली असतात. थंडी येते म्हणून त्यांत बोळा कोंबण्याचा मोह होतो, तो प्राणावर बेतेल. ब्युटेन गोठणबिंदूच्या आसपास वायू होईनासा होतो, म्हणून हिवाळ्यात प्रोपेन वापरावा. आणि थंडी कडक पडण्यापूर्वी टाकी व नळ रिकामे करावेत, नाहीतर बर्फ नळ फोडतो.

नव्या वस्तू आणताना वजनाचा हिशेब विसरू नये. आमच्या गाडीची कायदेशीर मर्यादा 3500 किलो. काट्यावर नेली तेव्हा कळले की, टाकीत 100 लिटर पाणी भरले की 100 किलो संपले. उरल्यात माणसे, भांडी, अंथरुणे. छत्री आणि सायकली लावायचा बेत तेथेच सोडला. बॅटरी मात्र बदलली. शिशाची निम्म्याखाली वापरली तर लवकर मरते. लिथियमची तिच्या निम्म्याहून हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण ती शून्य अंशाखाली चार्ज करू नये, आणि इंजिनावरून चार्ज करण्यासाठी निराळे साधन बसवावे लागते.

सहा वर्षे आम्ही त्या घरात हिंडलो. 2022 साली गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हा गाडी विकायला काढली. एक तरुण जोडपे आले. आम्ही किल्लीच्या आधी वही पुढे केली. ओल कोठे होती, काय कुजले, काय केले, सगळे त्यांनी पानोपान वाचले. भाव त्यांनी थोडा कमी केला, तो आम्ही मान्य केला. मग तो तरुण आत गेला आणि बिछान्याच्या डोक्याशी भिंतीवर त्याने अंगठा दाबला. भिंत घट्ट होती.

श्रोतेहो, येथे कोणी मोटारहोम घेईल न घेईल. पण जुने घर, जुनी गाडी आपण सारेच केव्हा तरी घेतो आणि केव्हा तरी विकतो. घेताना नव्या रंगाच्या मागे पाहावे, आणि विकताना तो रंग आपण देऊ नये, एवढेच आम्हांला सांगायचे होते.