भाकरी केव्हा फिरवावी?

पूर्णा जंक्शनच्या बाकावर गाडीची वाट पाहत बसले, की चार गावचे राजकारण आपसूक कानी पडते. निवडणूक जवळ आली असली, तर एक वाक्य ठरलेले : "आता भाकरी फिरवलीच पाहिजे!" म्हणजे जुना माणूस काढा, नवा आणा. बोलणारे बहुधा पुरुष. त्यांतल्या फारच थोड्यांनी भाकरी कधी थापलेली असते.

स्वयंपाकातले शब्द माणसाच्या जिभेवर चटकन बसतात. आपल्याकडे एखाद्याची डाळ शिजत नाही, कुणी शिळ्या कढीला ऊत आणतो, कुणी आपल्याच पोळीवर तूप ओढतो, आणि जुना वकील लोणच्यासारखा मुरलेला असतो. हे आपल्यापुरतेच नाही बरे. नीट विचार न करता आखलेल्या बेताला इंग्रज 'अर्धाच भाजलेला' म्हणतो, कारण त्याचा पाव भट्टीतला. स्पेनमध्ये डाव पार पालटला, की म्हणतात 'तोर्तिया उलटला'. तिकडचा तोर्तिया म्हणजे अंडी-बटाट्यांचा जाड पोळा. तो ताटलीच्या आधाराने उलटतात. त्यांचा पोळा उलटला, की जिंकणारा हरतो. आपली भाकरी फिरवायची, ती करपू नये म्हणून. कृती एकच, पण अर्थ ज्याच्या त्याच्या चुलीवर शिजला.

आता आपल्याच भाकरीकडे जरा नीट पाहू. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नाही. म्हणून बाई ते गरम पाण्यात मळते, हाताने थापते, तव्यावर टाकते आणि वरून पाण्याचा हात फिरवते. ते पाणी ओले असतानाच भाकरी उलटली, तर तव्याला चिकटून मोडते; पार वाळू दिले, तर भेगा पडतात. पाणी सुकत आले, की तीच वेळ! मग दुसरी बाजू निवांत भाजू द्यायची आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायची.

म्हणजे पाहा, या बोलण्याचा निम्माच अर्थ आपण पारावर नेला. न फिरवता करपते, एवढे लक्षात ठेवले. घाईने फिरवता मोडते, हे चुलीपाशीच राहिले. निवडून दिलेला सरपंच वर्षाच्या आत बदलायला निघालेल्या गावाने हा दुसरा अर्थ घरातल्या बाईला विचारावा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. 'भाकरी फिरवणे : बदल करणे' असे वहीत लिहून गुण मिळतात, पण शब्द हाती लागत नाही. घरोघरी गॅस आला, तयार भाकरीही विकत मिळू लागली. तेव्हा मुलामुलींना एक दिवस घरचा अभ्यास द्या : आईला नाहीतर आजीला विचारून या, भाकरी नेमकी केव्हा उलटायची? जमल्यास स्वतः एक थापून पाहा. मोडली तरी चालेल. अर्थ कळेल, आणि तो कुणाच्या हातून भाषेत आला, हेही कळेल.