वजन आपटू नये



आपल्या व्यायामशाळेत शिरताना समोरच पाटी आहे, 'वजन आपटू नये'. व्यायामशाळा पहिल्या मजल्यावर, खाली वाचनालय, इमारत जुनी. पाटी बरोबरच आहे. पण २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅच ११३ आणि क्लीन अँड जर्क १३५ असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं, सुवर्ण एका किलोने हुकलं, आणि त्यानंतर आपल्याही मुलामुलींना हा खेळ शिकावासा वाटू लागला. पालक विचारतात, डोक्यावरून बार खाली टाकायचा हा खेळ, तो इथे कसा जमायचा?

बराचसा जमतो. मुळात टाकणं हा खेळाचा भाग नाही. स्पर्धेतसुद्धा पंचांची खूण झाल्यावर बार शरीराच्या पुढूनच खाली न्यावा लागतो. तो खांद्याच्या खाली येईपर्यंत हात सोडता येत नाही. आणि माणिकरावांच्या आखाड्याच्या या वडोदऱ्यात मुद्गल फिरवून झाल्यावर तो जपून ठेवायचा, हे कुणाला वेगळं सांगायला नको.

जर्क झाला की बार आधी खांद्यांवर घ्यायचा. तो टेकतो त्याच क्षणी गुडघे वाकवायचे, म्हणजे धक्का मांड्या झेलतात, मणका नाही. मग अंगालगत मांड्यांवर आणायचा, तिथेही गुडघे सैल. शेवटी पाठ सरळ ठेवून जमिनीवर. स्नॅचमध्ये पकड रुंद असते, त्यामुळे उतरवणं अवघड. तिथे वजन आणखी कमी घ्यावं. उतरवण्यात कंबर आणि पकड दमतात, म्हणून एका दमात दोन-तीनच आवर्तनं पुरे. ज्याला ५० किलोचा क्लीन अँड जर्क येतो, त्याने वरच्या मजल्यावर ३५ च्या पुढे जाऊ नये, असं माझं माप आहे. जोर वाढवायचा तो रॅकमध्ये, आडव्या दांड्या लावून केलेल्या फ्रंट स्क्वॉटने. तिथे उठता आलं नाही तर बार दांड्यांवर टेकतो.

एक बारीक गोष्ट. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्या लहान लोखंडी प्लेट लावल्या की तो खाली जातो, मुलं जास्त वाकतात आणि पाठ गोल होते. प्लेटखाली दोन्हीकडे सारख्या उंचीच्या फळ्या सरकवा. सुताराचं अर्ध्या तासाचं काम.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो ते सांगतो. वजन चुकतं. वेटलिफ्टिंगमध्ये ते चुकणारच. स्नॅच मागे गेला तर बार मागे सोडून पुढे निघायचं, पुढे आला तर पुढे ढकलून मागे. क्लीनमध्ये खाली बसल्यावर उठता आलं नाही तर बार पुढे सोडून मागे सरकायचं. कोपर गुडघ्यावर आपटलं तर मनगट जातं. म्हणजे अंग वाचवण्याचा उपाय एकच, बार सोडणं. आणि आपलं आज्ञाधारक पोर नेमकं त्या क्षणी भिंतीवरची पाटी आठवतं. खाली आजोबा पेपर वाचत बसलेत, आवाज होईल, सेक्रेटरीकाका रागावतील, म्हणून ते घसरतं वजन धरून ठेवतं. खांदा असा निखळतो.

म्हणून मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगा: ही पाटी नीट उचललेल्या वजनासाठी आहे. तोल गेला की सोड, फरशीचं आम्ही बघून घेऊ. आणि ते बघायची पाळी येऊ नये म्हणून चुकेल असं वजन वर लावूच देऊ नका. 'अजून पाच किलो टाक, बघू' म्हणणारे हौशी काका बहुतेक व्यायामशाळेत असतात. त्यांना चहाला बाहेर न्या.

पण मोठं वजन कधीच न पेलता मूल स्पर्धेला उतरवणं हाही अन्यायच. त्यासाठी समितीकडे एकच मागणी आहे: तळमजल्यावर मागच्या अंगणात जाड फळ्यांचा एक ओटा, वर रबराची चटई, रबरी प्लेटचा एक संच, आणि आठवड्यातून एक दिवस, वाचनालय बंद असतं ती सकाळ. जागा शोधायची गरज नाही. आत्ता आपण बसलो आहोत तो मांडव उतरला की हे अंगण वर्षभर मोकळंच असतं.