सामन्याचा तिसरा भाग



मघाशी आपल्या शाळेत कबड्डी, खो-खो, लांब उडीची बक्षिसं दिली. विजेत्यांचं मनापासून अभिनंदन. पण बक्षीस न मिळालेली मुलं नेहमीच संख्येनं जास्त असतात, आणि आज मला त्यांच्यासाठी बोलायचं आहे.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. अमिताभ बच्चन यांची भूमिका ज्यांच्यावर बेतलेली आहे, ते विजय बारसे सर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. 2001 च्या सुमारास भर पावसात वस्तीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. सरांनी त्यांना चेंडू दिला, झोपडपट्टीतल्या संघांची स्पर्धा भरवली आणि पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. 2016 मध्ये फिफानं या संस्थेला डायव्हर्सिटी पुरस्कार दिला. बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाला हीच संस्था भारताचा संघ पाठवते. त्या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडतो : खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या कुणाची तरी.

अशा संस्था ‘फुटबॉल थ्री’ नावाच्या पद्धतीनं सामने खेळवतात. सामन्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन्ही संघ रिंगण करून बसतात आणि नियम आपसात ठरवतात. मुलगे-मुली एकाच संघात. पहिला गोल मुलीनंच करायचा, असंही ठरू शकतं. मग खेळ. रेफ्री नाही. फाऊल झाला तर खेळाडूंनीच तो आपसात मिटवायचा. खेळ संपला की घाम पुसत पुन्हा रिंगण करून बसायचं. नियम कुणी पाळले, कुणाला काय लागलं, कुणाचं काय खटकलं, सगळं बोलायचं. मग दोन्ही संघांनी एकमेकांना वागणुकीचे गुण द्यायचे. ते गुण गोलांच्या गुणांत मिळवून निकाल लागतो. गोल जास्त करूनही सामना हरता येतो!

माझ्या मते खरं काम या तिसऱ्या भागात होतं. आपल्या बेळगावजवळच्या मच्छेत आई-वडील उद्यमबागेत, फाउंड्रीत, औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये राबतात. सेकंड शिफ्टचे वडील घरी येतात तेव्हा लेकरू झोपलेलं असतं. त्याच्या मनात काय चाललंय, हे विचारायचं कुणी आणि कधी? समोर उभं करून ‘काय झालं, सांग’ म्हटलं तर चौदा-पंधरा वर्षांचं पोर तोंड उघडत नाही. तेच पोर खेळून दमल्यावर, बरोबरीच्या पोरांत बसलं की आपणहून बोलायला लागतं. मैदानावर ही जागा असली पाहिजे, आणि ती कुणीतरी ठरवून करावी लागते.

मुंबईत कफ परेडजवळच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी अशी जागा केली. बरोबरची मुलं शाळा सोडून ससून डॉकवर मासळीच्या कामाला लागताना, व्यसनात अडकताना त्यांनी पाहिली होती. 2006 मध्ये त्यांनी वस्तीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यांच्या ऑस्कर फाउंडेशनचा नियम साधा आणि कडक आहे : शाळा नाही, तर फुटबॉल नाही.

मोठे क्लबही आता हे ओळखून आहेत. इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबची समाजकार्याची शाखा 1988 पासून चालू आहे. मानसिक आरोग्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या मैदानाजवळ वेगळी इमारत बांधली. एवढ्या लांब कशाला, चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथे एफसी गोवा क्लबचं फोर्सा गोवा फाउंडेशन लहान मुलांच्या लीग भरवतं.

आपल्याकडे गावोगावची युवक मंडळं मोठ्या हौसेनं टूर्नामेंट भरवतात, रोख बक्षिसं लावतात. त्या मेहनतीचं मला कौतुकच आहे. पण त्या बक्षिसातला थोडा वाटा एन्ट्री फी न घेता खेळणाऱ्या शाळकरी मुलांसाठी का नसावा? त्यात मुलींसाठी का नसावा?

एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मुलांनो, परीक्षा जवळ येतेय म्हणून खेळ पूर्ण बंद करू नका. आणि जीव फारच घाबरा झाला, कुणाजवळ बोलवेना, तर 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक लक्षात ठेवा. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. त्यात कमीपणा काहीही नाही.

मुख्याध्यापक सर, रविवारी सकाळी शाळेचं मैदान उघडं ठेवाल एवढीच विनंती. पाच फुटबॉल मी देतो. मंडळांनी आपली दोन मोठी, समंजस मुलं आणि दोन मुली द्याव्यात, खेळ झाल्यावर या लेकरांजवळ बसायला. या महिन्यातच सुरू करूया.