विमानातले पंधरा तास

आमच्या दिवेआगरच्या वाड्यांतून सुपारी सोलायला बसलेली माणसे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. सकाळी बसली की जेवणवेळेपर्यंत ती जागची हलत नाहीत असे आपण म्हणतो. पण नीट पाहावे, तर ती सारखी हलत असतात. कधी उजवी मांडी वर, कधी डावी. मध्येच एक पाय लांब करायचा, मध्येच पान खायचे निमित्त काढून उठायचे. या हालचालींना आपण काडीची किंमत देत नाही. जिथे त्या सहजासहजी करता येत नाहीत अशा एका बैठकीविषयी आज मला दोन शब्द बोलायचे आहेत. ती बैठक म्हणजे लांब पल्ल्याच्या विमानातल्या स्वस्त वर्गाची, इकॉनॉमी क्लासची खुर्ची.

खेड्यातल्या माणसांना हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण आज आपल्याकडची स्थिती काय आहे? श्रीवर्धन-म्हसळ्याकडची माणसे नोकरीसाठी आखाती देशांत जातात ती काही आजपासून नव्हे. तो प्रवास तीन-साडेतीन तासांचा, आपल्या एस.टी.हून लहान. आता मुलेमुली अमेरिकेत स्थायिक होतात आणि लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला साठी उलटलेल्या आईला बोलावणे येते. मुंबईहून न्यूयॉर्ककडे थेट जाणारे विमान पंधरा-सोळा तास खाली उतरत नाही. तिकीट मुलगा काढतो, बॅग सून भरायला सांगते. त्या पंधरा तासांत बसायचे कसे, हे मात्र कोणीच सांगत नाही.

खुर्चीचे माप आपल्या हातानेच सांगतो. रुंदी जेमतेम एक हात, आणि एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर साधारण पावणेदोन हात. त्यातच आपले गुडघे, पायांशी ठेवलेली पिशवी आणि पुढचा गृहस्थ मागे रेलला तर त्याची पाठ! कोकणच्या आगबोटीत डेकवर वळकटी पसरून आडवे होणारे आपले वाडवडील या बाबतीत अधिक सुखी होते म्हणायचे. विमानेही पूर्वी वाटेत थांबत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे उतरून गेले. त्या मुक्कामांत उतारूंचे पाय आपोआप मोकळे होत. १९५८ साली अटलांटिक महासागरावरच्या विमानांत इकॉनॉमी वर्ग सुरू झाला, भाडे उतरले, सामान्य माणूस विमानात बसू लागला. हे फार चांगले झाले. पुढे विमानांचा पल्लाही वाढला, वाटेतले थांबे गेले, आणि पाय मोकळे करण्याचे काम ज्याचे त्याच्यावर येऊन पडले.

आमच्या आळीतल्या एक काकू अशाच मुलीकडे गेल्या. जागा खिडकीजवळची मिळाली. शेजारी दोन परके पुरुष, तेही झोपलेले. 'त्यांना कसं हो उठवायचं?' म्हणून काकू साऱ्या वाटेत एकदाच उठल्या. आणि पुन्हा उठावे लागू नये म्हणून पाणी जवळजवळ प्यायल्याच नाहीत. उतरताना पाय चपलेत जाईनात. तिसऱ्या दिवशी डाव्या पोटरीत कळ येऊ लागली. मुलीने वेळीच दवाखाना गाठला. शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. औषधांनी त्या बऱ्या झाल्या; पण नातवाला मांडीवर घ्यायचे सोडून पहिले काही दिवस त्यांचे त्यांनाच सांभाळावे लागले.

हे कशाने होते? जुन्या वाड्यांतला रहाट आठवा. विहिरीचे पाणी खालून वर आणायचे, तर रहाट फिरता हवा. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवण्याचे असेच काम आपली पोटरी करते. चालताना तिचा स्नायू आवळतो, सैल होतो, आणि शिरांतले रक्त वर ढकलले जाते. गुडघे वाकवून, पाय लोंबते ठेवून तासन् तास बसलो की हा रहाट थांबतो. पायांत पाणी उतरते, रक्त साकळते आणि एखाद्याच्या शिरेत गुठळी धरते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

यात विमानाचा दोष मानू नये, दोष बैठकीचा आहे. १९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना लोक आसऱ्याच्या जागी रात्ररात्र कापडी घडीच्या खुर्च्यांवर बसून काढीत. त्यांच्यातले काहीजण बॉम्बने नव्हे, तर अशा गुठळीने दगावल्याचे डॉक्टर कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केला, मग तो विमानाचा असो की बसचा, तर हा धोका सुमारे दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती? निरोगी माणसांत सहा हजारांत एक. तेव्हा घाबरून प्रवास रद्द करण्याचे कारण नाही. मात्र ज्यांना पूर्वी अशी गुठळी झाली आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पायाला घट्ट बसणारे खास मोजे घालायचे की नाही, तेही त्यांनाच विचारावे. शेजाऱ्याने घेतली म्हणून ॲस्पिरिनची गोळी मात्र आपल्या मनाने घेऊ नये.

आता विमानातल्या हवेविषयी. बाहेर पस्तीस हजार फुटांची उंची असली, तरी आत दाबाची हवा भरलेली असते. पण ती समुद्रकाठची नव्हे. सहा ते आठ हजार फुटांवर असते तशी विरळ. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्याही वर कोठेतरी आपण पंधरा तास बसलेलो असतो! विरळ हवेत पोटातला वायू तिसऱ्या हिश्श्याने फुगू शकतो. म्हणून आदल्या रात्री निरोपाची पोपटी आणि वालाची उसळ नको, मऊ भात बरा. शिक्षक बंधुभगिनींपैकी कोणी विमानाने गेले, तर त्यांनी रिकामी प्लॅस्टिकची बाटली वर असताना घट्ट बंद करावी आणि उतरल्यावर पाहावी. ती चेपलेली दिसेल. वर्गात हवेचा दाब शिकवायला याहून स्वस्त साधन सापडायचे नाही. उतरताना कानांत दडे बसतात तेही याच दाबामुळे. त्या वेळी जागे राहावे, आवळकाठी चघळावी, म्हणजे गिळताना कान सुटतात.

शिवाय ही हवा आपल्या किनाऱ्याच्या मानाने फार कोरडी असते. ओठ फुटतात, घसा सुकतो. तासातासाने थोडे थोडे पाणी प्यावे. पाण्याचा आणखी एक मोठा गुण असा, की ते माणसाला उठवते! काकूंनी जे टाळले तेच नेमके करायचे होते.

म्हणून माझ्या मते या प्रवासातली मोठी अडचण अरुंद खुर्ची ही नव्हे, आपला संकोच ही आहे. जागा मागताना मुलाला सांगावे की मधल्या वाटेकडेची घे. ढग खिडकीतून पाच मिनिटे बरे वाटतात. शेजाऱ्याला उठवायचे तर खांद्याला हलका हात लावून 'एक्स्क्यूज मी' एवढे दोन शब्द पुरतात, आणि त्यालाही उठल्याने फायदाच होतो. तास-दोन तासांनी एक फेरी मारावी. बसल्या जागी शिवणयंत्र चालवल्यासारखे टाचा आणि चवडे वरखाली करावेत. कमरेमागे शालीची गुंडाळी ठेवावी. पट्टा सैलसर, पण बांधलेला असावा. खुर्चीपाशी माणसाचे चित्र असलेले बटण दाबले की कर्मचारी येतात. पाणी, पांघरूण मागायला त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. शाकाहारी जेवण आणि विमानतळावरची चाकांची खुर्ची यांची नोंद मात्र आधी करून ठेवावी. आपण धडधाकट असताना चाकांच्या खुर्चीत बसायचे कसे, ही लाज निष्कारण आहे; पण लांब रांगा झेपत असतील त्याने चालावे हेही खरेच. औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा आधी लिहून घ्याव्यात, कारण वाटेत घड्याळ साडेनऊ-साडेदहा तासांनी मागे पडते.

जाता जाता एक आपल्या गावापुरते. नारळाच्या गावची माणसे लेकीसाठी सुके खोबरे बांधून घेतात. तेलकट असल्याने ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानात त्याला आडकाठी असते. डबा विमानतळावर काढून ठेवावा लागला की मन उगाच खट्टू होते.

आणखी एक हिशेब विसरू नये. दिवेआगरहून म्हसळा, माणगाव करीत मुंबईचा विमानतळ गाठायचा म्हणजे पाच-सहा तास मोटारीतच जातात, आणि विमानतळावर तीन तास आधी जायचे असते. आपल्याच जिल्ह्यात पनवेलजवळ नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. पण तिथपर्यंतही रस्त्याचे काही तास आहेतच. म्हणजे विमानात पाऊल टाकण्यापूर्वीच निम्म्या दिवसाचे बसणे झालेले असते. साधले तर आदली रात्र मुंबईत नातेवाइकांकडे काढावी; नाहीतर माणगावला उतरून चहाच्या निमित्ताने दहा मिनिटे चालावे.

पोहोचल्यावर दोन्ही पावले थोडी सुजलेली असली तर भिऊ नये, दिवसभरात ती ओसरतात. पण एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागली, दाबल्यावर दुखली, किंवा अचानक दम लागून छातीत कळ आली, तर थकवा म्हणून पडून राहू नये. हे लक्षण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही दिसू शकते. तडक डॉक्टरांकडे जावे, आणि गेल्याबरोबर पहिल्याच वाक्यात सांगावे की आपण इतके तास विमानात बसून आलो आहोत.