नानांना दाखवलेलं ला सिओता

(एजवेअर येथील दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण)

सहलीबद्दल बोला, असा आग्रह झाला म्हणून उभी आहे. फोटो मात्र आणलेले नाहीत. का, ते कळेलच.

गेल्या मे महिन्यात आम्ही मार्सेलला गेलो होतो. बरोबर माझे सासरे, नाना. मध्य रेल्वेत गार्ड होते. काचबिंदूमुळे त्यांना आता उजेड कळतो, बाकी काही दिसत नाही. "मला कशाला नेता? मी हॉटेलातच बसतो," म्हणाले. मी म्हटलं, "नाना, रेल्वेवाल्यांचं तीर्थक्षेत्र आहे, चला."

मार्सेलहून गाडीनं अर्ध्या तासावर, भूमध्य समुद्राच्या काठी ला सिओता हे जुनं बंदर आहे. फलाटावर येणाऱ्या गाडीचं लुमिएर बंधूंनी केलेलं जेमतेम पन्नास सेकंदांचं चित्रण याच स्टेशनातलं. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून त्यांचे सहा छोटे चित्रपट दाखवले गेले, त्यांत गाडीचं आगमनही होतं. गाडी बघून प्रेक्षक पळाले ही गोष्ट सगळीकडे सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. पण आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, त्या खेळानं इतके भारले की त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली आणि फिल्म धुवायला पुन्हा लंडनलाच पाठवली! १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांचं स्वागतही त्यांनी चित्रित केलं.

हे मी फलाटावर सांगत असतानाच एक गाडी आली. नाना कान देऊन ऐकत राहिले. म्हणाले, "ब्रेक छान लागले!"

मग बसनं बंदरावर. १८८९ चं एडन थिएटर डागडुजी होऊन २०१३ मध्ये पुन्हा उघडलंय, ते पाहिलं. बंदरापलीकडे समुद्रात घुसलेलं १५५ मीटर उंच भूशिर आहे, 'गरुडाची चोच' नावाचं. त्याच्या पायथ्याशी म्युजेलच्या छोट्या खाडीत जाऊन बसलो.

"काय दिसतंय?" नानांनी नातवाला विचारलं. आमचे चिरंजीव बारा वर्षांचे. मी मराठीत बोलले तरी उत्तर इंग्रजीत. पण त्याचे इंग्रजी उच्चार आजोबांना समजत नाहीत. बिचारा अडखळत सुरू झाला. "आजोबा, डोंगर... लाल नाही, तांब्यासारखा. आणि त्यात गोल दगड चिकटलेत. चिक्कीत दाणे असतात ना, तसे!"

नानांचा हात धरून त्यानं तो खडकावर ठेवला. एकेक गोटा चाचपत नाना हसायला लागले. "अरे, खरंच चिक्की!" पुढचा तासभर दोघं बोलत होते. शब्द अडला की नाना पुरवत. मी गप्प बसले. फोटो काढायचे राहूनच गेले.

रात्री नानांनी पुण्याला बहिणीला फोन लावला. "अगं, काय डोंगर पाहिला!" म्हणून सगळं रंगवून सांगितलं. शेजारून चिरंजीव ओरडले, "आजोबा, समोरचं बेट राहिलं! हिरवं बेट!"

मंडळी, पुढच्या सहलीला आजी-आजोबांना जरूर न्या. आणि वर्णन मुलांना करू द्या.