विकतचा समुद्र

श्रोतेहो, हवापालटासाठीं समुद्रकांठीं जाऊन राहण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. पूर्वीं मुंबईची मंडळी आप्तांच्या वाडींत उतरत, विहिरीवर स्नान करीत आणि सायंकाळीं पुळणीवर जाऊन बसत. पुढें आप्त शहरांत आले, कित्येक वाड्या विकल्या गेल्या, आणि त्या जागीं रिसॉर्टें उभीं राहिलीं. आतां पैसे मोजूनच राहावयाचें, तर त्या पैशांत आपणांस नेमकें काय मिळतें आणि काय मिळूं शकत नाहीं, याचा थोडा विचार आज करावा, असा माझा हेतु आहे.

गेल्या मार्गशीर्षांत, पौर्णिमेच्या सुमारास, मी व माझी पत्नी अलिबाग तालुक्यांतील अशाच एका ठिकाणीं तीन रात्री राहिलों. भाडें एका रात्रीचें ९,००० रुपये, कर वेगळा. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसास ही रक्कम लहान नव्हे. जाहिरातींतील चित्रांत खोलीसमोर अगदीं जवळ लाटा येत होत्या आणि त्यांच्यापलीकडे सूर्य मावळत होता. प्रत्यक्षांत तिन्ही सायंकाळीं समुद्र दूर गेलेला, आणि खोलीपुढें नुसता ओला, काळसर चिखल! जेवणांत कोंकणाचा गंधहि नव्हता. सोलकढी मागितली, तर ती यादींत नाहीं असें उत्तर मिळालें. समुद्राविषयीं विचारतां व्यवस्थापक म्हणाले, "समुद्राला आम्ही काय करणार, साहेब?"

त्यांचें म्हणणें खरें होतें. परंतु तें अपुरें होतें. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें जाते. आमच्या कोळी बांधवांस याचें गणित तोंडपाठ असतें. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणें निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशीं सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास पाणी भरलेलें असतें. पौर्णिमेस व अमावास्येस हीच भरती मध्यान्हाच्या आसपास येते, आणि तेथून सहा तासांनीं, म्हणजे ऐन सूर्यास्ताच्या वेळीं, पूर्ण ओहोटी असते. शिवाय या दोन तिथींच्या उधाणांत पाणी जसें अधिक वर चढतें, तसेंच तें अधिक खालींहि उतरतें. अलिबागकडील किनारा सपाट असल्यामुळें ओहोटीचें पाणी फार दूर जातें. त्यामुळेंच तेथील कुलाबा किल्ल्यांत लोक ओहोटीच्या वेळीं पायीं जाऊं शकतात. जाहिरातींतील तें चित्र अष्टमी-नवमीच्या सायंकाळीं घेतलेलें असावें. एवढी गोष्ट गिऱ्हाइकास आधीं कळविण्यास एक ओळ पुरली असती.

पण माझ्या मनाला लागली ती गोष्ट निराळीच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गांवचीं तीन मुलें त्या ओल्या वाळूंत शिंपले वेंचीत होतीं. रखवालदारानें शिटी वाजवून त्यांस हांकलून दिलें. मीं जवळ जाऊन विचारलें, तेव्हां कळलें कीं, तो त्याच गांवचा. "लहानपणीं मीहि इथेंच शिंपले वेंचले, काका," तो खालीं पाहून म्हणाला, "पण मालकांचा हुकूम आहे."

श्रोतेहो, हा हुकूम देण्याचा अधिकार मालकांस कोठून आला? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याच्या २० व्या कलमान्वयें भरतीरेषेच्या खालचा समुद्राचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा आहे. आणि सरकारहि त्याचें केवळ विश्वस्त आहे. समुद्रकिनारा, वाहतें पाणी, हवा व वनें हीं सर्व लोकांच्या उपयोगासाठीं आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें १९९६ च्या डिसेंबरांत कमल नाथ खटल्यांत दिलेला आहे. म्हणजे ओहोटीनें उघडी पडलेली जी भूमि पाहून आम्हीं नाक मुरडलें, ती आमच्या भाड्यांत आलेलीच नव्हती. ती जितकी आमची, तितकीच त्या मुलांची होती. व्यवस्थापकांस मीं हें शांतपणें सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. पण तिसऱ्या दिवशीं मुलें पुन्हां आलीं आणि शिटी वाजली नाहीं.

निघतांना बिलांत सेवाशुल्क म्हणून दहा टक्के लावलेले आढळले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें हें शुल्क बिलांत आपोआप लावतां येत नाहीं. दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें त्या सूचना ग्राह्य ठरविल्या. हें सांगतांच तो आंकडा वगळण्यांत आला. वाद करावा लागला नाहीं. माहिती असली, म्हणजे पुष्कळदां आवाज चढवावा लागत नाहीं. कोणी ऐकलें नाहींच, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक सहाय्यवाणी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आपण राहतों त्याच जिल्ह्यांत तक्रार दाखल करतां येते. मात्र जाहिरात व पावती जपून ठेवावी.

येत्या सुट्टींत आपण समुद्रकांठीं जाणार असाल, तर पंचांग पाहून दिवस ठरवा आणि बिल वाचून पैसे द्या. आणि पुळणीवरून गांवच्या मुलांना कोणी उठवूं लागला, तर दोन शब्द त्यांच्या बाजूनें अवश्य बोला.